सरकारी डोहाळजेवण

आहुप्याच्या वाटेवरच्या वाडीत भागूचं तोंड म्हणजे आग. अंगणवाडीची साधी मदतनीस ती, पण गरोदर बायांना जेवायला बसवायची तेव्हा त्यांच्या सासवासुद्धा वचकून असायच्या. भात, वरण, भाजी आणि एक अंडं. ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. घरी न्यायचं तर नावच काढायचं नाही, कारण घरी नेलं की अंडं भलत्याच्याच तोंडात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक.

सुरुवातीला बाया फिरकतच नव्हत्या. पोटातलं पोर मोठं झालं की बाळंतपणात अडतं, म्हणून सासवा सुनांना अर्धपोटी ठेवायच्या. मग भागूनं एक शक्कल काढली. हे सरकारनं घातलेलं डोहाळजेवण आहे, असं तिनं वाडीभर सांगितलं. आता डोहाळजेवणाला नाही म्हणायची कुणाची छाती? बयाबाईची सून समृद्धीही येऊ लागली. चार घास पोटात जाताच पोरीच्या तोंडावर रया आली, आणि भागू स्वतःवर लई खूश झाली.

मग वरून आहाराचा निधी यायचा थांबला. का, ते कुणी धड सांगेना. आज येईल, उद्या येईल करत अंगणवाडीची चूल विझली ती विझलीच. समृद्धीला तेव्हा सातवा लागला होता.

भागूच्या जिवाला घोर लागला. घरच्या कोंबडीची अंडी पदराखाली घेऊन ती बयाबाईच्या दारात गेली. बयाबाईनं हसून हात जोडले. सातव्यातलं डोहाळजेवण सरकारनं उरकलं, आता आणखी किती खायचं, असं तिचं म्हणणं. भागू चिडली. ते नुसतं जेवण होतं गं बाई, म्हणून भांडली.

"तूच म्हनली व्हतीस की," बयाबाई शांतपणे म्हणाली.

भागू स्वतःलाच शिव्या घालत परतली. मेली ही जीभ, कुठून सुचलं ते नाव!

तरी ती जात राहिली. दर खेपेला समृद्धी आणखी पांढरी दिसायची. पाय सुजलेले, पोट मात्र तेवढंच. बयाबाईला त्याचंच कौतुक. सून झटक्यात सुटणार, असं ती सगळ्यांना सांगायची.

परवा भागू गेली तेव्हा समृद्धी भिंतीला टेकून बसली होती. हातात दिलेलं अंडं तिनं तसंच धरून ठेवलं.

"मावशी, कालपास्नं पोर हालत न्हाई."

दवाखान्यात न्यायला जीप बोलवावी म्हणून भागू दाराकडं धावली, तर बयाबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेली.

"निजलं आसंल," ती वर न बघता म्हणाली. "लई गुनाचं हाय. आईला तरास देत न्हाई."