मेकअपकाका आणि ग्रे शेड

नाटक कंपनीतले मेकअपकाका माणसांचे दोनच प्रकार मानत. एक, ज्याची डावी भुवई वर चढवायची तो, आणि दुसरा, ज्याची चढवायची नाही तो. तिसरा प्रकार त्यांच्या पेटीत नव्हता. तेहतीस वर्षं त्यांनी एकाच कंपनीच्या रंगपटात, चारही बाजूंनी दिवे लावलेल्या आरशासमोर उभं राहून चेहरे रंगवले. खलनायकाला ते सगळ्यांत आधी खुर्चीत बसवत. पेन्सिलीने डाव्या भुवईचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं वर न्यायचं, ओठांच्या कडा जराशा खाली ओढायच्या, की पाच मिनिटांत काम फत्ते. पहिल्या प्रवेशात तो नुसता दारातून आत आला, तरी शेवटच्या रांगेतल्या आजीबाईने शेजारणीला कोपर मारून "हाच तो मेला" असं सांगितलं पाहिजे, हा काकांचा नियम होता. आणि आजीबाई तसं सांगायच्याही.

नाटकात खलनायक करणारा नट घरी मोठा देवमाणूस असतो, असं म्हणायची पद्धत आहे. या कंपनीतला खलनायक काही देवमाणूस वगैरे नव्हता. तो काकांचा कंगवा ढापायचा, दुसऱ्याच्या डब्यातलं खायचा आणि वर स्वयंपाकाला नावं ठेवायचा. पण आपण फार खोल आहोत असा आव त्याने कधी आणला नाही, म्हणून काकांचं त्याच्याशी बरं जमायचं.

मग कंपनीत नवा दिग्दर्शक आला. वय बत्तीस, दाढी विचारवंताची, घड्याळ बापाचं. पहिल्याच दिवशी त्याने काकांच्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतली.

"काका, भुवई नको. जगात काळं-पांढरं काही नसतं. सगळं ग्रे असतं. मला या माणसात ग्रे शेड हवी."

"त्या नंबरची डबी येत नाही," काका म्हणाले.

दिग्दर्शक कीव आल्यासारखा हसला. काकांनी भुवई सोडून दिली. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या माणसाने उंटावरच्या शहाण्याशी किती वाद घालायचा?

त्या नव्या नाटकात बायकोला मारणारा नवरा होता. त्याला नायक म्हणायचं की खलनायक, हे विचारणारा माणूस अडाणी ठरायचा. दुसऱ्या अंकात हा नवरा एकटाच रंगमंचावर उभा राहून बावीस मिनिटं बोलायचा. लहानपणी बापाने कसं अडगळीच्या खोलीत कोंडलं, साहेब चारचौघांत कसा अपमान करतो, आणि जन्मात कुणी "थकलास का रे?" असं कसं विचारलं नाही. प्रेक्षक मुसमुसून रडत. बायकोला अख्ख्या नाटकात तीन वाक्यं होती. त्यातलं एक होतं, "चहा ठेवू का?"

तिच्या गालावरचा मार रंगवायचं काम अर्थातच काकांकडे होतं. रंगीत तालमीच्या दिवशी त्यांनी तो जीव ओतून रंगवला. दिग्दर्शकाने जवळ येऊन पाहिला आणि मान हलवली.

"पुसट करा, काका. जखम एवढी दिसली तर प्रेक्षक तिच्या बाजूला जातील. नाटकाचा तोल जाईल."

"तोल कुणाचा गेलाय ते दिसतंयच की."

"तुम्ही त्या माणसाच्या वेदनेकडे बघा ना."

"बघितलं. बापाने कोंडलं म्हणून हा बायकोला मारतो. मग साहेब अपमान करतो तेव्हा साहेबाच्या थोबाडीत का देत नाही? तिथे बरी याची शेड पांढरी होते!"

रंगपटातली मंडळी फिदीफिदी हसली, पण मार पुसट झाला तो झालाच. प्रत्येक प्रयोगाला काका तो आधी मनासारखा रंगवत आणि मग शिव्या घालत स्पंजने उतरवत. वर्तमानपत्रांनी नाटक डोक्यावर घेतलं. गुंतागुंतीचं आहे, लिहिणारे म्हणाले. मुस्काटात मारण्यात गुंता कसला, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. घरी बायकोसमोर ते रोज या नाटकाची पिसं काढत, आणि बायको पोळ्या लाटता लाटता हं हं करत असे.

काकांना एकच मुलगी. लग्नाला चार वर्षं झालेली. जावईबापू कचेरीत चांगल्या हुद्द्यावर, बोलणं मऊ, आले की सासूच्या हातातली पिशवी घेऊन जिना चढणारे. सासूबाई त्यांच्यावर इतक्या खूश, की मुलीपेक्षा जावयाचंच कौतुक जास्त चालायचं. काकांनी दोघांना नाटकाचे पास दिले. प्रयोग संपल्यावर जावईबापू रंगपटात आले ते रडून लाल झालेल्या डोळ्यांनीच. त्यांनी दिग्दर्शकाचे दोन्ही हात धरले.

"सर, तुम्ही माझंच आयुष्य दाखवलंत. माणसाला समजून घ्यायला पाहिजे, हेच कुणी सांगत नाही हो."

दिग्दर्शकाला भरून आलं. "हा आमचा खरा प्रेक्षक," तो सगळ्यांना सांगत सुटला.

मुलगी मात्र आरशाजवळ उभी होती. काका नटीच्या गालावर कोल्ड क्रीम लावून कापसाने मार पुसत होते, ते ती बघत होती.

"बाबा, किती पटकन गेलं हो," ती म्हणाली.

काकांना ती आपल्या हातगुणाची तारीफ वाटली. "अगं, रंगच तो," ते हसून म्हणाले.

त्यानंतर महिन्याभराने काकांच्या मेहुणीच्या मुलाचं लग्न होतं. मुलगी सकाळीच माहेरी आली, एकटी. उजवा गाल हाताने झाकलेला.

"कपाटाचं दार लागलं, बाबा. जरा झाकून द्या ना. सगळे विचारत बसतील."

काकांनी तिला खिडकीकडे वळवलं. मार पहिल्या दिवशी लाल असतो, मग जांभळा होतो, चार-पाच दिवसांत हिरवट आणि आठवड्याने पिवळा. ही बाराखडी त्यांना पाठ होती. मुलीच्या गालाच्या हाडावर जांभळा डाग होता आणि त्याच्या मागे, कानाकडे, पिवळा. एकाच गालावर दोन तारखा. एका आठवड्यात दोनदा दार लागत असेल, तर त्या कपाटाला सुतार दाखवायला हवा होता. काकांना कळलं. नीट, स्वच्छ, एका नजरेत कळलं.

आणि या शूर माणसाने काय केलं? तेहतीस वर्षं दारातून आत येणारा खलनायक आजीबाईंना ओळखवून देणाऱ्या, दिग्दर्शकाला येता-जाता टोमणे मारणाऱ्या या माणसाने पेटी उघडली. जावयाला कामाचा ताण असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. आपली पोरगीही तशी फटकळच आहे. आपल्याला अर्धीच गोष्ट माहीत, उगाच कशाला संसारात नाक खुपसायचं. ज्या बोलण्याची ते रोज घरी पिसं काढत, ते सगळं बोलणं न बोलावता त्यांच्या डोक्यात येऊन बसलं, आणि काकांनी त्याला खुर्ची दिली. आतून बायको म्हणाली, "कपाटाची दारं असतातच मेली तसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. छान करा हो."

काकांनी छान केलं. जांभळ्यावर आधी नारिंगी, मग त्वचेचा रंग, मग पावडर, चाळीस मिनिटं खपून. लग्नात चार बायका मुलीला म्हणाल्या, काय टवटवीत दिसतेस. फोटोंतही काही दिसलं नाही. शरमेची गोष्ट अशी, की पंगतीत बसल्या बसल्या काकांना आपल्या कामाचा अभिमान वाटला.

पुढे सात महिने काका दिग्दर्शकावर दुप्पट तोंडसुख घेत होते. फोनवर मुलीला मात्र "बरी आहेस ना?" एवढंच विचारत, आणि ती "हो" म्हणाली की घाईने बायकोकडे फोन देत.

मग एका रविवारी सकाळी नऊ वाजता मुलगी आणि जावईबापू दोघंही आले. जावयाच्या वडिलांचा निवृत्तीचा सत्कार होता, अकराला पोचायचं होतं, फोटो निघणार होते. मुलीच्या गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली होती. तिने ती सोडली. जबड्याखाली एका बाजूला चार डाग होते आणि दुसऱ्या बाजूला एक. या वेळी तिने कपाटाचं नाव काढलं नाही. ती आरशासमोर जाऊन बसली आणि मान वर केली.

जावईबापू कोचावर बसले. सासूबाईंनी चहा दिला. कुणी काही विचारलेलं नसताना ते बोलू लागले.

"बाबा, तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या हातून चुकतं कधीकधी. पण मी वाईट माणूस नाही. वडिलांनी मला कधी जवळ घेतलं नाही. ऑफिसात वरचे लोक कसे वागवतात ते माझं मला माहीत. मी घरी आल्यावर मला कधी कुणी विचारलंय का, थकलास का म्हणून?"

काका स्पंज ओला करत होते. ते थांबले.

"हे दुसऱ्या अंकातलं आहे," ते म्हणाले.

"काय?"

"हे भाषण. आमचा नट तुमच्यापेक्षा बरं करतो. आणि त्याचा प्रयोग संपला की समोरच्या बाईचा गाल पुसून साफ होतो."

बायको घाबरीघुबरी झाली. "अहो, जावई आहेत ते! आणि टाळी काही एका हाताने वाजत नाही."

"मी मोजली बोटं," काका म्हणाले. "पाच आहेत. एकाच हाताची आहेत."

बायकोने मुलीच्या गळ्याकडे पाहिलं. सकाळपासून तिने तिकडे पाहायचं टाळलं होतं. ती मटकन खाली बसली.

"बाबा, तुम्ही एकच बाजू बघताय," जावईबापू तितक्याच मऊ आवाजात म्हणाले.

"हो. माझ्या मुलीची." काकांनी स्पंज खाली ठेवला. "उठा. सत्काराला तुम्ही एकटे जा. सून कुठे आहे असं वडिलांनी विचारलं, तर त्यांनाच सांगा तुमच्या लहानपणाची गोष्ट. बघू त्यांना किती रडू येतं ते."

जावईबापूंनी मुलीकडे पाहिलं. "चल," ते म्हणाले. ती जागची हलली नाही. मग त्यांनी कप बशीत आवाज न करता ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडून दार अलगद ओढून घेतलं. परक्या घरात त्यांना सगळं हळू करता येत होतं.

काकांची छाती, खोटं कशाला बोला, जरा फुगली होती. आता पोरगी गळ्यात पडेल, असं त्यांना वाटलं. नाटकात तरी तसंच असतं. नायक खलनायकाला घालवतो आणि घरचे सगळे त्याच्याभोवती गोळा होतात.

मुलगी आरशातूनच त्यांच्याकडे बघत होती.

"मावशीकडच्या लग्नाच्या दिवशी," तिने विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

काकांच्या तोंडाशी बरंच काही आलं. खिडकीतून उजेड नीट येत नव्हता. घाई होती. तूच कपाटाचं दार म्हणालीस. तुझ्या आईला त्रास झाला असता. एकेक कारण खरं वाटण्यासारखं होतं आणि एकेक कारण ऐकून कुठल्याही दिग्दर्शकाला भरून आलं असतं.

"कळलं होतं," ते म्हणाले.

तिने मान हलवली. ती रडली नाही.

"आमच्या गल्लीत दोन पार्लरं आहेत, बाबा," ती म्हणाली. "झाकायचंच असतं तर तिथे पाच मिनिटांत झालं असतं. मी दोन बस बदलून तुमच्याकडे आले होते."