ताईंना हवा होता खरा पेपर

पार्लरवाल्या ताईंनी चाळिशीला टेकल्यावर बारावीला नाव घातलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात डोक्यात काय शिरणार?"

"तुमच्या लेकाच्या डोक्यात काय शिरलं होतं, ते बघून झालंय माझं," ताई म्हणाल्या आणि गणिताला भिडल्या.

शाळेत मोठ्यांचा वर्ग वेगळा असला, तरी चाचणी बारावीच्या मुलांबरोबर एकाच हॉलमध्ये व्हायची. मुलांमध्ये ताईंची लेकही होती. तीच आईची मास्तरीण. गिऱ्हाइकाच्या केसांचा रंग मुरेपर्यंत दोघी अन्वस्ताला, म्हणजे पॅराबोलाला, धरून बसायच्या.

"आई, अगं, तळाशी उतार शून्य होतो. म्हणून विकलन करून उताराचं सूत्र काढायचं आणि ते शून्याशी जुळवायचं."

"मग x बरोबर तीन?"

"आणि y?"

"उणे चार!" ताई एवढ्या जोरात ओरडल्या, की खुर्चीतल्या बाई दचकल्या. "माझ्या केसांना काय झालं?"

चाचणीच्या दिवशी पेपर हातात आला आणि ताईंचं टाळकंच सरकलं. शेकडेवारी, सरासरी, एवढंच. अन्वस्ताचा पत्ता नाही, विकलनाचं नाव नाही. शेजारच्या मुलाच्या पेपरवर मात्र वक्र रेषा दिसत होती. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"सर, हा पेपर चुकलाय."

सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "मोठ्यांना सोपा काढलाय, ताई. तुमच्याच सोयीसाठी."

"माझी सोय मला न विचारता? अभ्यासक्रम तोच, शेवटची परीक्षा तीच. तिथे कोण माझ्यासाठी सोपा काढणार आहे?"

"उगाच नापास व्हाल."

"होईन की! पण माझ्या हिमतीवर होईन. तुमच्या दयेवर पास नको."

लेकीने लाजेने मान खाली घातली. सरांनी धुसफुसत मुलांचा पेपर आणून आपटला.

निकाल लागला. सोपा पेपर लिहिणाऱ्यांना पन्नासपैकी चाळीसच्या वर गुण, ताईंना बावीस. अन्वस्ताचं गणित पूर्ण बरोबर, पण पुढच्या दोन गणितांत चिन्हांनी दगा दिलेला.

"बघा, सोपा लिहिला असता तर तुम्हालाही चाळीस मिळाले असते," सर हसले.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बावीस माझे आहेत, सर. त्यांचे चाळीस कुणाचे, ते तुम्हीच सांगा. आणि या गणितात मी कुठे घसरले, ते फळ्यावर दाखवा. शिकवायचं काम तुमचं आहे."

सरांनी कपाळाला आठ्या घालून खडू उचलला. मोठ्यांच्या वर्गातला, सोपा पेपर लिहिलेला मागच्या बाकावरचा रिक्षावाला वही उघडत म्हणाला, "सर, जरा सावकाश. पुढच्या वेळी मलाही तोच पेपर द्या."

घरी जाताना कोपऱ्यावर आल्यावर लेक म्हणाली, "आई, केवढ्याने बोललीस गं!"

"लाज वाटली?"

"वाटली," ती म्हणाली, आणि तिने आईचा हात धरला. "आता नाही वाटत."