साडेनऊ गुणांचा रस्ता

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. एक खोली, एक कॅमेरा आणि सगळ्यात जास्त आपल्यालाच कळतं असं वाटणारी तीन माणसं एवढं असलं की ते आपोआप साचतात. आमच्याकडे तर इतके साचलेत, की कुणी नुसतं ‘दूरदेश’ म्हटलं तरी तेजल हसायला लागते आणि नीलेश उठून पाणी प्यायला जातो.

आम्ही तिघं मराठीत व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू करतो. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये, नीलेशच्या घरातली आतली खोली हा आमचा स्टुडिओ. नीलेश दिवसा लिफ्टची कामं करतो, तेजल लग्नाचे व्हिडिओ एडिट करते आणि मी, मंदार, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करतो. लॅबमध्ये एक आकडा तीनदा तपासल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. स्टुडिओत मात्र आमची वेगळीच पद्धत. गेमला द्यायचे गुण खडूने फळ्यावर लिहायचे, आणि एकदा लिहिलेला आकडा पुसायचा नाही! नियम नीलेशचा. ‘आपल्या शब्दाला वजन पाहिजे,’ असं त्याचं म्हणणं.

* * *

‘दूरदेश’ यायच्या आधी दोन वर्षं त्याचा नुसता गाजावाजा चालला होता. आपल्या मातीतला, ट्रक चालवायचा गेम. घाट, ट्रक, विहिरी, यात्रा, सगळं त्यात. ट्रेलरच्या शेवटी एक जड आवाज म्हणायचा, “जे दिसतं, तिथे जाता येतं!” तो आवाज ऐकून नीलेशच्या अंगावर काटा यायचा. तो बाही वर करून दाखवायचासुद्धा.

गेम आला त्या दिवशी तिघांनी रजा टाकल्या. सकाळी खेळायला बसलो आणि दुपारी तीनला व्हिडिओ टाकायचा ठरलं, कारण बाकीचे चॅनलवाले चारला टाकणार होते. तोवर आम्ही पहिल्या शहराबाहेरच्या टोलनाक्यापर्यंत पोचलो होतो. नीलेशने फळ्यावर साडेनऊ लिहिलं. मी कॅमेऱ्याकडे बघून छातीठोकपणे सांगितलं, “मित्रांनो, घाटातला रस्ता थेट समुद्रापर्यंत जातो. कुठेही न अडकता!”

समुद्र मी ट्रेलरमध्ये पाहिला होता. म्हटलं, दाखवलाय म्हणजे असणारच.

* * *

पहिला सुरुंग लावला तो नीलेशच्या आईने. काकू पोहे घेऊन आत आल्या, ताटली ठेवली आणि स्क्रीनकडे बघत उभ्याच राहिल्या. गेममध्ये एक बाई विहिरीवर जात होती, कळशी भरत होती, परत वळत होती आणि चार पावलांवरून पुन्हा विहिरीकडे येत होती.

काकूंनी हे पाच मिनिटं पाहिलं. मग म्हणाल्या, “काय रे, हिच्या घरी कुणी पाणी पितं की नाही?”

नीलेश म्हणाला, “आई, ती बॅकग्राऊंडला आहे गं.”

“असू दे की. बॅकग्राऊंडला असली म्हणून घरी जायचं नाही?”

त्यानंतर आठवडाभर काकू रोज विचारायच्या, “गेली का ती घरी?” शेवटी त्याने त्या गावातून ट्रक नेणंच बंद केलं!

* * *

दुसरा किस्सा म्हशीचा. तेजलला गेममधल्या पोलीस चौकीच्या छपरावर एक म्हैस सापडली. जिना नाही, शिडी नाही, म्हैस वर! तेजल कामाला पक्की. तिने व्हिडिओ काढला आणि गेम बनवणाऱ्यांना रीतसर तक्रार पाठवली. तक्रार दोनच शब्दांची होती: “म्हैस वर.”

पंधरा दिवसांनी अपडेट आलं. आम्ही धावत बघायला गेलो. त्यांनी खरंच दुरुस्ती केली होती.

चौकी काढून टाकली होती. म्हैस तिथेच होती, हवेत.

* * *

इथवर आम्ही हसत होतो. मग एका रविवारी सकाळी व्हिडिओखालचा पत्ता शोधत गावकर काका आले.

साठीचे असतील. मूळचे रत्नागिरीकडचे. सव्वीस वर्षं ट्रक चालवला, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबायचा कायमचा बंद झाला. आता काशीमीऱ्याला एका गॅरेजच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतात. समोरून दिवसभर ट्रक जातात आणि हे फिल्टर विकतात. पुतण्याने त्याचा जुना गेमचा सेट त्यांना दिलेला. आमचा व्हिडिओ बघून त्यांनी ‘दूरदेश’ घेतला होता.

त्या दिवशी नीलेशच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्याच्याच बिल्डिंगची! त्या गुडघ्याने काका तीन मजले चढून आले, खुर्चीत बसले, श्वास घेतला आणि मला म्हणाले, “तू तोच ना, समुद्रावर गेलास तो?”

मी मान हलवली.

“तो कोणत्या बाजूने गेलास जरा सांग. माझं कायतरी चुकतंय. मी सतरा वेळा घाटातल्या पुलावरून खाली पडलो.”

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो. पण ते खिशातून कागद काढून बसले, माझं उत्तर लिहून घ्यायला. काकूंनी चहा आणला तेव्हा म्हणाले, “वहिनी, आता काय खरा ट्रक हातात यायचा नाय. म्हटलं, इथे तरी घाट उतरून समुद्रावर जाऊ.”

मी म्हणालो, “काका, बघून सांगतो.” मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की चहा तसाच राहिला.

* * *

मग मी हट्टालाच पेटलो. दर रविवारी त्या पुलावर. पूल दिसायला एकदम मजबूत, दगडी कठडे, वर पाटी, सगळं. पण मधोमध हातभर पट्टा असा होता, की तिथे रस्ता नुसता दिसायचा. पुढची चाकं तिथे गेली की ट्रक बुडाला. हळू गेलो, पडलो. वेगात गेलो, पडलो. चालत गेलो तरी पडलो! दोन अपडेट आली. म्हशीला त्यांनी खाली उतरवलं, पण पूल तसाच.

मी म्हणालो, “नीलेश, नवा व्हिडिओ करू. फळा पुसू.”

“मंद्या, येडा झालास काय? लोक म्हणतील, यांना काय कळत नाय.”

“कळत नव्हतंच ना!”

“फळा पुसायचा नाय म्हणजे नाय.”

“मग मी तुझ्याशिवाय करतो.”

तो पाणी प्यायला गेला. मी नव्या व्हिडिओची सूचना टाकून दिली. तासाभरात खाली एकाने लिहिलं, “आता उलट बोलायला कुणी पाकीट दिलं?” तेजलने तिथेच उत्तर ठोकलं, “आमच्या खुर्चीचा तुटलेला पाय बघून जा भाई, मग बोल.”

* * *

काका आता दर रविवारी यायला लागले होते. नीलेशने निमूटपणे लिफ्ट दुरुस्त करून ठेवली होती. मी पडायचो आणि काका शेजारी बसून बघायचे.

एका रविवारी मी रागाने म्हणालो, “भंगार गेम आहे. दोन गुण देतो!”

काका म्हणाले, “थांब. पुढून गाडी येतेय ती बघ.” घाटाच्या वळणावर समोरून एक ट्रक येत होता. त्याने जवळ येताना दिवे एकदा बारीक केले आणि निघून गेला.

“डिपर दिला त्याने. हे ज्याने बनवलंय ना, तो कधीतरी ट्रकात बसलाय. चढावाला बघ, इंजिनाचा आवाज कसा दमतो. सगळ्यालाच भंगार म्हणू नको. ह्याला घाई केलीय रे कुणीतरी.”

घाई हा शब्द ऐकून मी फळ्याकडे बघितलंच नाही. पण त्या दिवसापासून मी वहीत दोन रकाने केले. काय बिघडलंय ते एका बाजूला, काय जमलंय ते दुसऱ्या बाजूला. दुसरा रकाना वाटलं होतं त्यापेक्षा लांब निघाला.

* * *

आणि मग तो रविवार. दुपारी चार वाजता आम्ही लाइव्ह जाणार होतो. मी ठरवलं होतं, एकदा शेवटचं पडून दाखवायचं आणि सगळ्यांसमोर कबूल करायचं. तेजल कॅमेऱ्यामागे, काकू दारात, नीलेश कोपऱ्यात तोंड फुगवून.

काका आले ते चप्पल काढता काढताच म्हणाले, “आज मी चालवतो. काल घरी खेळताना पुलावर कंटाळून गाडी वळवली. पुढची चाकं बुडतात, पण मागची त्या पट्ट्यावर उभी राहिली. ताकद मागच्या चाकांना असते. ती पलीकडे टेकली, की पुढची बुडली तरी ओढून घेता येतील. चिखलातनं काढतो ना, तशी. रिव्हर्स घालायचा!”

अडचण एकच होती. गेममधल्या ट्रकच्या आरशात फक्त आभाळ दिसायचं. पुलाच्या कठड्याला मागचं चाक लागलं की संपलं.

काका म्हणाले, “क्लीनर पाहिजे.”

‘दूरदेश’मध्ये दुसऱ्या खेळाडूला क्लीनर म्हणून ट्रकमधून उतरता येतं. पहिल्या व्हिडिओत मी सांगितलं होतं, “हा मोड कशाला दिलाय देव जाणे!” आता मीच दुसरा कंट्रोलर उचलला आणि उतरून पुलाच्या कडेला उभा राहिलो.

लाइव्ह सुरू झालं. मी घसा खाकरला. “मित्रांनो, त्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं…”

“नंतर बोल,” काका स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. “आधी मागे बघ.”

मी बघितलं. “येऊ द्या… येऊ द्या… डावी मारा… सीधा… येऊ द्या…”

ट्रक मागे मागे सरकत होता. मागची चाकं पट्ट्यावरून गेली. टेकली! पुढची चाकं पट्ट्यावर आली आणि खचकन बुडाली. तेजल ओरडली, “गयी!” काकांचा अंगठा जागचा हलला नाही. इंजिन घुमलं, ट्रक थरथरला, तसाच अडकून राहिला आणि मग वेड्यासारखा उसळून पलीकडे गेला. मीही आपोआप ट्रकमध्ये जाऊन बसलो. तोही गेमचा बिघाडच, पण या वेळी आमच्या बाजूचा.

पलीकडे काकांनी ट्रक वळवला आणि उरलेला घाट सावकाश उतरले. प्रत्येक वळणावर हॉर्न दिला, समोर कुणी नसताना. शेवटचं वळण गेलं आणि समुद्र आला. खरंच होता. पाणी हलत नव्हतं, एक पक्षी हवेत उलटा लटकला होता, पण समुद्र होता.

काकांनी ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं. डोळे पुसले ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

मी कॅमेऱ्याकडे वळलो. “मी इथे आलो नव्हतो. टोलनाक्यापर्यंतच गेलो होतो. तरी समुद्रापर्यंतचं सांगितलं. खोटं बोललो.”

काका म्हणाले, “मग ते साडेनऊ टोलनाक्याचे. इथले सांग.”

नीलेश उठला. मला वाटलं, कॅमेरा बंद करतोय. तो स्वयंपाकघरात गेला, ओलं फडकं घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने त्याने फळा स्वच्छ पुसला.

मी खडू घेतला. सात सुचले, पाच सुचले, आठही सुचले. हात काही पुढे जाईना. शेवटी खडू काकांना दिला. ते गुडघा सांभाळत उठले आणि हायवेवर काम चालू असताना लावतात तशा मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं:

“रस्ता चालू आहे. फक्त रिव्हर्समध्ये.”