उन्हातल्या ज्योती

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नापास झाले आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं. त्यामुळे महाल भागातल्या आमच्या घरात विज्ञान शिकलेली मी एकटीच. नापास झालेलं शिक्षणही अंगावर घालून मिरवता येतं, आणि मी ते डोरल्याबरोबर रोज घालायची. शनिवारी मुद्दाम नखं काढायची, मांजर आडवं गेलं की मुद्दाम पाय पुढे टाकायचा आणि सासूबाईंचा चेहरा बघून मनातल्या मनात हसायचं, असा माझा कार्यक्रम.

मग पहिलं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर मांजर आडवं आलं की मी थांबायला लागले. चप्पल सैल झाल्याचं निमित्त करून.

पुन्हा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी नवे नियम केले. मोठ्या जाऊबाईंच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. म्हणून त्यांच्या हातचं मी खायचं नाही, आणि त्यांनी माझ्या पोटाकडे बघायचं नाही. विज्ञानवाल्या मुलीनं इथे भांडायला हवं होतं. मी काय केलं? जाऊबाई समोर आल्या की पदर पुढे ओढून घ्यायचे. त्या भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटायच्या. एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी अशा तीन महिने वावरलो.

खाप्याच्या वाटेवर, कन्हान नदीपासून जरा आत, आमच्या घरच्या देवीचं देऊळ होतं. नवरात्रात तिथे नवसाच्या ज्योती लागायच्या. एका खोलीत मातीत गहू पेरून त्यावर ओळीनं घट मांडायचे. प्रत्येक घटावर तेलाची एक ज्योत, प्रत्येक घटाला गेरूनं लिहिलेला आकडा, आणि ज्याच्या नावानं ज्योत त्याचं दैव तिच्यात. नऊ दिवस ती विझू द्यायची नाही. राखणीला एक म्हातारा पंडा, म्हणजे देवीचा पुजारी, बसायचा. तोंडाला फडकं बांधून, उपाशी आणि मुका. पहिला घट पाण्यात गेल्याशिवाय त्यानं बोलायचं नाही, असा दंडक होता.

त्या वर्षी आमच्या दोन ज्योती होत्या. एक जाऊबाईंची, नऊ वर्षांच्या नेमाची. शेजारची माझी, पोटातल्यासाठी. मला पाचवा लागला होता आणि मूल अजून हललं नव्हतं. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "काही समजलं का?" मी मान हलवायची, आणि त्या चुलीकडे वळून देवीचं नाव घ्यायच्या.

अष्टमीला आम्ही तिघी सकाळच्या बसनं गेलो. ओटी भरायची रांग देवळाला वेढा घालून उभी. सासूबाईंनी मला कडुनिंबाखाली बसवलं आणि बजावलं, "ज्योतीच्या खोलीत पाय नाही ठेवायचा, समजलं? पोटुशीच्या आत एक ज्योत असते. दोघींचं जमत नाही."

मी पाच मिनिटं बसले असेन. मग उठले. श्रद्धेनं नाही हो. माझी ज्योत जाऊबाईंच्या ज्योतीपेक्षा मोठी आहे की नाही, ते मला बघायचं होतं.

बाहेर टळटळीत ऊन, आणि आत दोन-तीनशे ज्योतींचा पिवळा अंधार. तेलाचा आणि ओल्या मातीचा वास. उजेडाविना वाढलेले गव्हाचे कोंब पांढुरके, माणसाच्या बोटांसारखे वर आलेले. कुणी काही बोलत नव्हतं, तरी बारीक आवाज येत होता, पुष्कळ ओठ एकदम पुटपुटत असल्यासारखा. मी उंबरा ओलांडला आणि सगळ्या ज्योती माझ्याकडे वळल्या. दारातून वारा आला तर त्या आत झुकायला हव्यात. त्या बाहेर झुकल्या, माझ्या दिशेनं, कमरेच्या उंचीवर. माझा इंजिनिअर नातू याचं कारण कागदावर बाण काढून समजावतो. मी होहो म्हणते. तो तिथे नव्हता.

आमचे घट सापडले. जाऊबाईंची ज्योत वीतभर, ताठ. माझी वाटाण्याएवढी, खाली मान घातलेली.

आता शहाण्या बाईनं हात जोडून परतावं. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि वात वर सरकवायला गेले. वात तेलात बुडाली. चर्र झालं, आणि धुराची एक रेघ सरळ माझ्या तोंडावर आली.

पोटात काहीतरी गार झालं. मी विचार केलाच नाही. वात चिमटीनं उचलली, जाऊबाईंच्या ज्योतीला टेकवली आणि पेटवून परत ठेवली. दिव्यावर दिवा लावू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझी ज्योत भसकन मोठी झाली. जाऊबाईंची बसली, वाटाण्याएवढी.

मान वर केली तर कोपऱ्यात पंडा. तो पहिल्यापासून तिथेच होता. ज्योतींमागे त्याचे फक्त डोळे दिसत होते. त्यानं बोट उचललं. आधी जाऊबाईंच्या घटाकडे, मग माझ्या घटाकडे, मग माझ्या पोटाकडे. आणि बोट तिथेच धरून ठेवलं.

मी मागच्या मागे बाहेर आले.

रात्रभर देवळाच्या ओवरीत पडून एकच हिशेब. उद्या घट नदीवर जातील, पहिला घट बुडेल आणि त्या म्हाताऱ्याचं तोंड उघडेल. तोवर मूल हललं तर बरं. ते हललं नाही.

नवमीच्या दुपारी ज्याच्या नावाचा घट त्यानं डोक्यावर घेतला. दोन-तीनशे बायाबापड्यांची रांग, सगळ्यांच्या डोक्यावर पेटत्या ज्योती, आणि एकही दिसत नव्हती. ऑक्टोबरच्या उन्हात ज्योत दिसतच नाही. नुसती हवा थरथरते. पुढच्या बाईच्या डोक्यावरून दिसणारं झाड पाण्यात बुडाल्यासारखं हलत होतं. माझी पेटती आहे की विझली, मला कळायला मार्ग नव्हता. वर हात नेऊन बघायचा धीर नव्हता. सासूबाई रांगेबाहेरून चालत होत्या, पंडा सगळ्यांच्या पुढे, आणि माझ्या शेजारी जाऊबाई, नेहमीसारख्या दुसरीकडे तोंड करून.

नदीची वाळू लागली तशी मी बोलले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"बाई, तुमच्या ज्योतीवरून मी माझी पेटवली. माझी विझली होती. माझ्याच हातानं."

त्या चालत राहिल्या. मग वळल्या आणि सरळ माझ्या पोटाकडे पाहिलं. मी पदर ओढला नाही. दोन्ही हात घटाला होते, ओढणार कशी?

"म्हणूनच म्हटलं, कालपासून माहे हातपाय काहून गार पडून राहिले," त्या म्हणाल्या.

"बाई, माफ करा..."

"माफी काय चाटू वं? मले दुसरं पाहिजे. लेकरू झालं की पहिल्यांदा माह्या मांडीवर. म्हातारीच्या नाही, तुह्या नाही. माह्या."

"देईन."

"देवीसमोर म्हणून राहिली तू, ध्यानात ठेव."

पुढे पहिला घट पाण्यात गेला. पंड्यानं तोंडावरचं फडकं सोडलं, आमच्याकडे वळला. खरखरीत आवाजात तो म्हणाला, "पाणी द्या कोणी." तांब्याभर प्यायला आणि वाळूत आडवा झाला. बास. आम्ही दोघींनी घट शेजारी शेजारी सोडले. कुठला आधी बुडाला ते मी डोळे मिटल्यामुळे सांगू शकत नाही.

परतीच्या बसमध्ये मूल हललं. मी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या बाकावर बसलेल्या जाऊबाई मात्र त्याच क्षणी मागे वळल्या.

फाल्गुनात दवाखान्यात मुलगी झाली. नर्सनं गुंडाळून आणली, सासूबाईंनी दोन्ही हात पसरले. मी म्हटलं, "आधी जाऊबाईंना द्या."

"डोकं फिरलं का तुहं?" सासूबाई ओरडल्या. "वांझेच्या..."

"त्यांना द्या, नाहीतर मी उठते."

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पोर घेतलं आणि खिडकीशी जाऊन पाठ करून बसल्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. त्या वळेनात. अर्धा तास मी त्या पाठीकडे बघत होते. मनात एकच, आता ही परत देणार नाही. देवीसमोर कबूल केलं ते पहिल्यांदा मांडीवर द्यायचं. परत घ्यायचं तर मी कुठे बोलले होते? केवढी मूर्ख, करारसुद्धा धड करता आला नाही.

मग त्या उठल्या. डोळे लाल, पदर भिजलेला. पोर माझ्या कुशीत ठेवलं.

"घे," म्हणाल्या. "भूक लागली तिले. मले पाजता येत असतं, तर दिली नसती."