उसनी जनता

"रंग चालतो याचा. याला बसवा."

मॅनेजर माझ्याकडे बोट दाखवून बोलले. मी गुडघ्यावर बसून माइकची वायर गालिच्याखाली सरकवत होतो. हातात चिकटपट्टी. मी वर बघेपर्यंत ते पुढच्या माणसाकडे वळले होते. "हा नको, फार बुटका. तो मिशीवाला घे."

बैलबाजारात दात बघून घेतात, तसं चाललं होतं. मला आधी कळलंच नाही कशासाठी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहरीनमध्ये तेव्हा मला चौथं वर्ष होतं. परभणीला आयटीआय करून गेलेला मी, एका कंपनीत साउंडचं काम करायचो. कंपनी सरकारी कार्यक्रमांची कंत्राटं घ्यायची. मांडव, खुर्च्या, गालिचे, माइक. त्या दिवशी जिदहफ्सच्या पुढच्या एका गावात मैदानावर मांडव घातला होता. एक बडे अधिकारी गावकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायला येणार होते. तिथं अमीरांचं, म्हणजे राजाचं राज्य. वरच्यांनी मजलिस भरवायची, लोकांनी पुढे येऊन अर्ज द्यायचे, ही तिथली जुनी रीत.

पण गावं धुमसत होती. बंद केलेली संसद परत सुरू करा, असं लोक म्हणत होते. भिंतींवर लिहीत होते. पोलीस त्यावर रंग फासायचे. दोन दिवसांनी त्याच रंगावर पुन्हा अक्षरं. कितीतरी घरांतून तरुण उचलून नेले होते. त्यांचं ऐकायला कुणी तयार नव्हतं, आणि आता ऐकायला म्हणून मांडव पडला होता. गावानं बहुतेक ठरवलंच होतं, जायचं नाही.

चार वाजत आले. दोनशे खुर्च्या, आणि माणसं पुढच्या तीन रांगांपुरतीसुद्धा नाहीत.

मॅनेजर घामाघूम झाले. रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर पुढचं कंत्राट गेलं. मग गाडीतून पिशव्या उतरल्या. पिशव्यांत तिथले लोक घालतात ते पांढरे पायघोळ थोब, डोक्याचे रुमाल आणि रुमालावर बसवायची काळी कडी. मांडववाले, खुर्च्यावाले, ड्रायव्हर, सगळ्यांतून माणसं निवडली. ज्यांचे चेहरे लांबून खपतील असे.

मी म्हटलं, "साहेब, मला माइक बघायचाय."

मॅनेजर पुण्याचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. त्यानंतर त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "ए परभणी" म्हणायचे. आताही तेच.

"ए परभणी, तुला काय अवघड आहे? तुम्हा लोकांना सभेला बसायची सवय आहे. ट्रक भरभरून नेतात ना तुम्हाला? तसंच समज. फक्त तोंड उघडायचं नाही."

दोघेतिघे हसले. मराठी कळणारे होते.

मी थोब घातला. जेवणाच्या गाडीमागे उभा राहून, कापडाच्या घड्या तशाच ठेवून. घातला. हे मी आधीच सांगून टाकतो. कुणी हात धरून घालायला लावला नव्हता.

मला शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं. कॅमेरे फिरले. अधिकारी आले. त्यांना खरं माहीत होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी आमच्याकडे बघून छातीवर हात ठेवला. आम्ही सगळ्यांनी ठेवला. मॅनेजरांनी तसं शिकवलं होतं.

मग ती आली.

म्हातारी. काळ्या अबायात, तिथल्या पायघोळ बुरख्यात, चालताना एका बाजूला कलणारी. बायकांची सोय नव्हती मांडवात. ती मागून, कनातीच्या फटीतून आत शिरली आणि सगळ्यांत जवळचा माणूस मी, म्हणून माझ्याजवळ आली. हातात चार घड्यांचा कागद.

"या वलदी," ती म्हणाली. माझ्या पोरा.

अरबी मला कामापुरती कळायची. ती हळू बोलत होती, म्हणून सगळं कळलं. मुलगा नेलाय. पाच महिने झाले. कुठं ठेवलाय सांगत नाहीत. त्याला साखरेचा आजार आहे. सलमानियाच्या इस्पितळातही जाऊन पाहिलं, नाही सापडला. मला पुढे सोडणार नाहीत, तू पुरुष आहेस, आपल्या गावचा आहेस, तू हा कागद साहेबांच्या हातात दे.

आपल्या गावचा.

तिनं कागद माझ्या मुठीत ठेवला आणि वरून मूठ आवळली. तिचा हात खरखरीत होता. ती पुन्हा बोलली. समोरच्या रांगेपलीकडून मॅनेजर माझ्याकडेच बघत होते. मी मान खाली घातली.

तेव्हा तिनं मला नीट बघितलं. बाहीवरची दुकानातली घडी बघितली, त्यावरून बोट फिरवलं. मग माझ्या पायांकडे बघितलं. पायांत कंपनीचे सेफ्टी शूज.

"इन्त हिंदी?"

तू हिंदुस्थानी?

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तिच्या तोंडावर राग आला असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. तिनं फक्त रांगेवरून नजर फिरवली, एकेका खुर्चीवरून, एकेका पायावरून. मोजावं तशी. तिला सगळं कळलं. तेवढ्यात पोलीस आला आणि तिला कोपराला धरून फटीतून बाहेर घेऊन गेला. ती ओरडली नाही.

कागद माझ्या हातात राहिला.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजरांनी तो माझ्याकडून काढून घेतला. उघडलासुद्धा नाही. चहाच्या कपांबरोबर काळ्या पिशवीत टाकला. "खलास. आपल्याला नको ती भानगड." मग म्हणाले, "थोब घडी करून दे. डाग पडला नाही ना?"

घडी करून दे, म्हटल्यावर माझे हात थांबले.

मी आठ वर्षांचा असताना आमच्या बौद्धवाड्यात एक मंत्री आले होते. आमच्यात बसून जेवणार होते. सरपंचानं आईला नवं लुगडं नेसायला दिलं. हिरवं, जरीच्या काठाचं. आईनं वाढलं, मंत्र्यांनी दोन घास खाल्ले, फोटो निघाला. जीपची धूळ बसायच्या आत सरपंचाचा माणूस दारात आला. "लुगडं काढून दे बाई." आईनं दार लोटलं. आतून लुगडं काढलं आणि फटीतून हात बाहेर काढून दिलं. बाहेरच्यानं ते झटकून बघितलं. आई त्या दिवशी सांजेपर्यंत दाराबाहेर आली नाही. मला म्हणाली, "कुनाला सांगू नगंस, बापू."

आईला तिच्याच घरात उसनी केली होती. आणि मी? मी दुसऱ्या कुणाच्या घरात जाऊन, त्याच्या जागेवर बसलो होतो. त्याच्या आईसमोर.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. माहूजच्या आमच्या खोलीत पोरांनी तो फ्रिजवर चिकटवला. "शेख झाला रे हा!" मी उतरवला, त्यांनी पुन्हा चिकटवला. फोटोत ती नव्हती. फट होती, कनातीची. मला त्या फटीत ती दिसायची. पुढे पाठीचं दुखणं उपटलं म्हणून सलमानियाला गेलो, तर तिथल्या बाकांवर काळ्या अबायातल्या म्हाताऱ्या बसलेल्या. प्रत्येक जणी मान वळवून माझ्या पायांकडे बघतेय असं वाटायचं. माझा नंबर पुकारला तरी मी उठलो नाही. परत आलो.

एकच घोकत होतो. कागदात त्याचं नाव असेल. मला ते वाचताही आलं नसतं.

तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या गावाचा कार्यक्रम निघाला. गोडाऊनमध्ये मॅनेजर आले, त्यांच्यामागे त्याच पिशव्या.

"परभणी, तू मागच्या रांगेत."

"नाही साहेब."

"काय?"

"माइक लावीन. खुर्च्याही उचलीन. बसणार नाही."

मॅनेजर आधी हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाटकं नकोत. व्हिसा कॅन्सल करीन. पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, विसरू नकोस."

"करा. पण एक सांगा साहेब. त्या बाईच्या कागदाचं काय झालं?"

"कुठली बाई?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझी भीती तिथंच संपली. मी पिशवी पायानं बाजूला सारली आणि म्हणालो, "माझं नाव परभणी नाही." आणि माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्यानं सांगितलं. माइकशिवाय.

माझ्यामागून कुणी उठलं नाही. मिशीवाल्यानं थोब घेतला. मी त्याला दोष देत नाही. त्याला तीन मुली होत्या.

व्हिसा कॅन्सल झाला. विमानाला नऊ दिवस होते. एका दुपारी मी बसनं त्या गावात गेलो. मैदानासमोरच्या किराणा दुकानात एक माणूस होता, त्याला मोडक्या अरबीत विचारलं. एक म्हातारी, कलून चालणारी, मुलगा नेलेला.

"कुठली?" तो म्हणाला. "इथं दर घरात एक आहे."

मग त्यानं विचारलं, तू कशाला शोधतोस. मी सांगितलं. त्या दिवशी मांडवात खुर्चीवर बसलो होतो, तुमचे कपडे घालून. तिनं कागद दिला, मी तो पोचवला नाही.

त्यानं माझ्यासाठी काढलेली पाण्याची बाटली परत आत ठेवली.

"यल्ला. बाहेर."

मी बाहेर आलो. त्याचं बरोबर होतं.

आता मी गावी असतो. रविवारी विहारात तरुण पोरं-पोरी जमतात, मला आमच्या अपमानाच्या गोष्टी सांगा म्हणतात. माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण मी सुरुवात त्या म्हातारीपासून करतो. आमच्यावर झालेलं सांगायला मी लहानपणीच शिकलो होतो, माझ्या हातून झालेलं आपल्या माणसांत सांगायला चाळिशी उजाडली. काही जण नाराज होतात. म्हणतात, हे कशाला, आपलीच बदनामी.

होऊ दे. आधी माझा गुन्हा, मग माझं दुःख. मी याच क्रमानं बोलणार. कुणी उठून गेलं तरी.