आईचा हात प्लास्टरमध्ये अडकला तेव्हा

शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला मला आईचा हात हवा होता. वटार गावातल्या आमच्या फुलांच्या वाडीत ती रोज सकाळी जास्वंदीच्या कळ्या खुडते. कळी पकडताना तिची बोटं जशी वाकतात, तशीच मला प्लास्टरमध्ये उतरवायची होती. आमचे सर वर्गात सांगायचे की प्लास्टर घट्ट होताना तापतं. ते मी वहीत उतरवूनही घेतलं होतं. तरी त्या दुपारी लवकर आटपावं म्हणून मी प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाणी घेतलं, वर मूठभर मीठ टाकलं आणि त्यात प्लास्टर कालवलं. मिठाने प्लास्टर पटकन धरतं, हे एका सिनियर मुलीने सांगितलं होतं.

आईच्या हाताला व्हॅसलीन चोपडलं. मी सांगितलं तशी बोटं वाकवून तिने मनगटाच्या वरपर्यंत हात आत घातला आणि हसली. "बरं वाटतंय गं. शेक घेतल्यासारखं."

पाच-सहा मिनिटांनी ती हसायची थांबली. "बाय, गरम लागतंय."

"थोडंच राहिलंय," मी म्हटलं.

"नाही, चटके बसतायत. काढ."

तिने हात ओढला, तशी बादलीच उचलली गेली. वाकलेली बोटं आत गळासारखी अडकली होती. मी मनगट धरून ओढलं तर ती किंचाळली. मी बादलीत तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिले. वरचं पाणी गार होतं, पण बादलीला हात लावला तर ती भाजत होती. आईचा चेहरा पांढरा पडला होता. ती ओरडतही नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, तिची बोटं गेली.

मी वाडीकडे तोंड करून बाबांना हाका मारल्या. ते धावत आले. कोयत्याने त्यांनी बादली उभी चिरली, सोलून काढली. आत पांढरा गोळा आणि त्यात आई. त्यांनी पटाशी आणि हातोडी आणली आणि माझ्या हातात दिली.

"मी नाही. बाबा, तुम्ही मारा."

"मला काय माहीत, आत बोट कुठे आहे? हात तू ठेवलास. तूच फोड."

अंगठा डावीकडे, तर्जनी वाकलेली, करंगळी सगळ्यात खाली, असं मी मोठ्याने म्हणत राहिले. प्लास्टर अजून ओलसर होतं, म्हणून आधी जुन्या करवतीने बाजूंना खाचा पाडल्या. मग खाचेत पटाशी धरून हलके घाव घातले. प्रत्येक घावाला वाटायचं, आता लाल दिसणार. बाबांनी आईचं डोकं आपल्या छातीशी धरलं होतं. चौथ्या की पाचव्या घावाला गोळा फुटला.

हात लालभडक होता, बोटांवर फोड आले होते. बाबांनी तो लगेच नळाखाली धरला आणि मग स्कूटरवरून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला विचारलं, "कोणी सांगितलं होतं हे करायला?" ते म्हणाले, "अजून थोडा वेळ राहिला असता, तर बोटं कापावी लागली असती."

पुढचे कितीतरी दिवस पट्टी बदलताना मी आईला बोटं हलवायला सांगायचे. चार हलायची. करंगळी नुसती पडून राहायची. त्या दिवसांत मला जेवण जात नसे. "आज हलली का?" हे विचारायलाही भीती वाटायची, म्हणून मी बाबांना विचारायला लावायचे. दोन महिन्यांनी करंगळी जराशी वाकली. आई म्हणाली, "बघ, हलली," आणि मग आम्ही दोघी रडलो. करंगळीच्या टोकाला मात्र अजूनही काही कळत नाही.

सरांना मी सगळं खरं सांगितलं. हात शेवटी मातीत केला, समोर बघून. आई दाराशी बसायची, मी चार हात लांब. मधेच ती म्हणायची, "जवळ ये की, नीट दिसत नसेल." मी गेले नाही.