बंडूजींच्या अंगातलं व्होल्टेज

बोरगाव मेघेत पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं बांधून देणाऱ्या बंडूजींना डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, तेव्हा ते मनातून खूशच झाले. उभा जन्म त्यांनी कमी व्होल्टेजनं जळालेले शेतपंप दुरुस्त करण्यात काढलेला. निदान आपल्या अंगात तरी दाब फुल आहे! गोळ्यांचं पाकीट त्यांनी देवाच्या फोटोमागे सारलं.

"गोळी घेतली काय?" बायको, मनकर्णाबाई, रोज विचारायच्या.

"चांगली लाईन कायले कमी करू वं? केळझरचे शेतकरी एवढ्या व्होल्टेजसाठी तरसून राह्यले."

"मोठे आले! परवा चक्कर येऊन स्टुलावरून पडलते, तवा कोणती लाईन गेलती?"

बंडूजींनी चपला घातल्या आणि दुकान गाठलं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाजेवर पडून त्यांनी छातीवर हात ठेवला. आत मोटार घुमत होती. ऐकता ऐकता डोळा लागला, आणि बंडूजी स्वतःच्याच अंगात करंट होऊन वाहू लागले. छातीतून निघालेली जाड केबल फाटे फुटत फुटत केसाहून बारीक होत गेलेली. हात, पाय, पोट, ज्याला त्याला वेगळं कनेक्शन. एक बंद पडलं तरी बाकीची चालू. कोणत्या मिस्त्रीनं केलं असेल हे काम? बोटांच्या टोकांशी बारीक दिवे लुकलुकत होते. तरंगत तरंगत ते डोळ्यांपाशी पोचले. तिथला दिवा मात्र नको तेवढा पांढरा पेटला होता. तार जुनी, वरचं आवरण ठिसूळ, आणि खालून मोटार ढकलतच होती. तारेवरचं वार्निश जळल्याचा वास आला. तो वास बंडूजींना झोपेतही कळतो.

दिव्याखाली मनकर्णाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. "अवो," त्या मान वर न करता म्हणाल्या, "हा गेला तर मले दिसन कसं?"

बंडूजी घामानं भिजून उठले. भर दुपारी शटर ओढून घरी आले आणि फोटोमागचं पाकीट काढून गोळी घेतली.

"काऊन वो? शॉक बसला काय?"

"तार जुनी झाली वं. बेतानं चालवा लागते. हात आण इकडे."

"कायले?"

"तुही लाईन पाहतो."

त्यांनी बायकोचं मनगट धरलं, डोळे मिटले.

"बराबर आहे काय?" थोड्या वेळानं मनकर्णाबाईंनी विचारलं.

"थांब ना, मीटरचा काटा हलूनच राह्यला अजून," बंडूजी म्हणाले, आणि चहाची वेळ होईस्तोवर तसेच बसून राहिले.